ग्रामदेवालय हे गावाचे दप्तर : कशेळीच्या श्रीकनकादित्य मंदिराच्या निमित्ताने

सारांश

कोकणातील ग्रामदेवालयांविषयी भक्तिपर आणि पर्यटनविषयक लेखन विपुल आहे. गावाच्या इतिहासाचे साधन म्हणून त्यांचा पद्धतशीर विचार मात्र अल्प प्रमाणात झाला आहे. इंग्लंडमधील मध्ययुगीन ग्रामचर्चच्या इतिहासलेखनाची परंपरा डोळ्यांपुढे ठेवून रत्नागिरी जिल्ह्यातील कशेळी (ता. राजापूर) येथील श्रीकनकादित्य मंदिराशी निगडित असलेली साधने कशी वाचावीत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. ताम्रपट, आख्यायिका, वास्तू, उत्सव आणि कागदपत्रे ही पाच प्रकारची साधने पाच निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. एका साधनाकडून दुसऱ्याचे उत्तर मागितले, की इतिहास बिघडतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : ग्रामदेवालय, ताम्रपट, शिलाहार, कशेळी, देवस्थान इनाम, जीर्णोद्धार

१. प्रस्तावना

रत्नागिरीहून पूर्णगडमार्गे दक्षिणेकडे जाताना आडिवऱ्याच्या अलीकडे समुद्रालगतच्या सड्यावर कशेळी हे गाव लागते. येथील कनकादित्याचे मंदिर कोकणातील मोजक्या सूर्यमंदिरांपैकी एक आहे. परुळे येथील आदिनारायण आणि आरवली येथील आदित्यनाथ ही त्याच मालिकेतील परिचित नावे होत. कशेळीचे वैशिष्ट्य केवळ देवतेमुळे नाही. शके १११३ म्हणजे इ.स. ११९१ मधील शिलाहार राजा दुसरा भोज याच्या ताम्रपटात या गावाचा स्पष्ट उल्लेख आहे. आठशेहून अधिक वर्षे एकच नाव धारण करणारे आणि आपल्या जुन्या दानाचा लेख जपणारे हे गाव अभ्यासकाला एका मूलभूत प्रश्नाकडे नेते : ग्रामदेवालयाचा इतिहास म्हणजे नेमका कशाचा इतिहास?

या प्रश्नाला सामान्यतः तीन उत्तरे दिली जातात. भाविक देवाचे माहात्म्य सांगतो, कलेचा अभ्यासक वास्तूचे वय विचारतो, आणि राजवंशाचा अभ्यासक शिलालेख-ताम्रपटांतील राजाचे नाव टिपून पुढे जातो. तिन्ही उत्तरांत गाव दिसेनासे होते. वास्तविक देवालयाच्या नावाने जमीन दिली गेली, त्या जमिनीवर कोणी राबले, उत्पन्नाचा वाटा कोणास मिळाला, पालखीला खांदा देण्याचा मान कोणाचा ठरला आणि कोणास पायरीशी थांबवले गेले, या साऱ्या गोष्टी गावाच्या इतिहासाच्या आहेत. देवालय हे त्या इतिहासाचे दप्तर होय. दप्तर वाचण्याची रीत मात्र शिकावी लागते.

२. तुलनेसाठी एक उदाहरण : इंग्लंडमधील ग्रामचर्च

ही रीत जेथे विशेष विकसित झाली, त्या इंग्लंडमधील ग्रामचर्चकडे थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये स्थानिक जमीनदाराने चर्च उभारावे, त्यास काही शेतजमीन लावून द्यावी आणि धर्मगुरू नेमण्याचा हक्क आपल्याकडे ठेवावा, असा प्रघात होता. गावातील प्रत्येक शेतकऱ्याने उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यावयाचा असे. इमारतीच्या दुरुस्तीची जबाबदारीही विभागलेली होती. वेदीकडील भाग धर्मगुरूने किंवा त्याच्या उत्पन्नाच्या धन्याने राखावयाचा आणि लोकांच्या बसण्याचा भाग गावकऱ्यांनी राखावयाचा. एकाच छपराखालील दोन भाग दोन निरनिराळ्या काळांतील दिसतात, त्यामागे बहुधा हेच कारण असते. दगड पाहून खर्चाची वाटणी ओळखता येते.

यापुढची पायरी कागदाची होय. इ.स. १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक चर्चमध्ये बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवण्याचा आदेश दिला. त्याआधीपासून गावाने निवडलेले कारभारी जमाखर्च लिहीत असत. डेव्हन परगण्यातील मोअरबाथ या लहानशा गावाचा जमाखर्च प्रसिद्ध आहे. तेथील धर्मगुरू क्रिस्टोफर ट्रिकी याने १५२० ते १५७४ अशी चोपन्न वर्षे काम पाहिले आणि गावाचे हिशेब स्वतः लिहिले. चर्चच्या नावाने गावकऱ्यांच्या कळपांत पाळलेल्या मेंढ्या, तरुणांचा व मुलींचा स्वतंत्र निधी, काळ्या धर्मवस्त्रांसाठी वर्षानुवर्षे साठवलेले पैसे, इतकेच नव्हे, तर १५४९ च्या बंडात सामील होण्यासाठी गावातून पाठविलेल्या पाच तरुणांचा खर्चही त्यात नोंदलेला आहे. इमन डफी या इतिहासकाराने २००१ मध्ये या हिशेबवहीच्या आधारे धर्मसुधारणेच्या काळातील एका गावाचे सबंध चरित्र लिहिले. राजाज्ञा लंडनहून निघत होत्या. त्या आज्ञांचा अर्थ गावात काय झाला, हे मेंढ्यांच्या हिशेबावरून कळले.

आपल्याकडे अशी अखंड नोंदवही नाही, ही उणीव मान्य करावयास हवी. परंतु साधनेच नाहीत, असा निष्कर्ष त्यावरून काढणे योग्य होणार नाही. आपली साधने निराळ्या ठिकाणी आणि निराळ्या रूपांत आहेत. एक योगायोग येथे नोंदविण्यासारखा आहे. इ.स. १२७५ च्या वेस्टमिन्स्टर येथील कायद्याने इंग्लंडमध्ये ‘स्मरणातीत काळ’ याची मर्यादा ११८९ या वर्षी ठरविली. त्यापूर्वीपासून चालत आलेल्या हक्काला पुराव्याची गरज राहिली नाही. कशेळीचा ताम्रपट त्यानंतर अवघ्या दोन वर्षांचा आहे. इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने जेथे लोकांची स्मृती आरंभ पावते, त्याच सुमारास कोकणातील एका गावाची लेखी स्मृतीही आरंभ पावलेली दिसते.

३. शके १११३ चा ताम्रपट : तो काय सांगतो आणि काय सांगत नाही

शिलाहारांच्या तीन शाखा महाराष्ट्र आणि कोकणात राज्य करीत होत्या : उत्तर कोकणातील, दक्षिण कोकणातील आणि कोल्हापूर परिसरातील. दुसरा भोज हा तिसऱ्या शाखेचा शेवटचा राजा. सुमारे ११७५ ते १२१२ ही त्याची कारकीर्द होय. देवगिरीच्या यादव सिंघणाने त्याचा पराभव केला आणि ही शाखा लयास गेली. कशेळीचे दान म्हणजे अस्ताला सुमारे वीस वर्षे उरली असताना एका समर्थ राजाने कोकणपट्टीत दिलेले दान होय.

दानाचा आशय असा : भोजाचा पुत्र गंडरादित्य याच्या इच्छेवरून, बारा ब्राह्मणांच्या नित्य भोजनाच्या व्यवस्थेसाठी, अट्टविरे विभागातील कशेळी हे गाव दान देण्यात आले. अट्टविरे म्हणजे आजचे शेजारचे आडिवरे. म. म. वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे लेख एकत्र करून त्यांचे संपादन केले, त्यामुळे हा लेख अभ्यासकांस सहज उपलब्ध झाला आहे. त्यांचा ‘शिलाहार राजवंशाचा इतिहास आणि कोरीव लेख’ हा ग्रंथ १९७४ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाला.

या मोजक्या मजकुरातून किती गोष्टी निघतात, ते पाहण्यासारखे आहे. पहिली गोष्ट भूगोलाची. कशेळी आणि आडिवरे ही दोन्ही नावे जवळपास त्याच रूपात टिकून आहेत आणि त्यांचे परस्परसंबंधही ओळखता येतात. आडिवरे हे बाराव्या शतकात एका महसुली विभागाचे मुख्य ठिकाण होते आणि कशेळी त्या विभागातील गाव होते. आज महाकालीच्या मंदिरामुळे आडिवऱ्यास जे महत्त्व आहे, त्यामागे जुन्या कारभारी महत्त्वाची एक स्मृती असणे संभवनीय आहे. दुसरी गोष्ट अर्थव्यवहाराची. बारा व्यक्तींचे रोजचे एक भोजन धरले, तरी वर्षाकाठी ४,३८० पाने होतात. एवढा तांदूळ, डाळ, तूप, सरपण आणि मनुष्यबळ पुरविण्याइतके उत्पन्न गावातून अपेक्षित होते. सड्याच्या कातळावरील विरळ वस्ती असे चित्र आपल्या मनात असेल, तर ते बदलावे लागते. उतारावरची भातखाचरे आणि कदाचित नारळी-पोफळीच्या बागा त्या काळी लागवडीखाली असल्या पाहिजेत. तिसरी गोष्ट सत्तेची. सह्याद्रीच्या माथ्यावर पन्हाळ्याकडून राज्य करणाऱ्या राजाचा अंमल किनाऱ्यापर्यंत पोहोचत होता आणि तो स्थिर करण्याचे एक साधन म्हणजे विद्वान कुटुंबांची अग्रहारासारखी वसाहत हे होते.

आता या लेखाची मर्यादा पाहू. दानाचा विषय गाव आणि ब्राह्मणभोजन हा आहे. मंदिर कोणी आणि कधी बांधले, याचे उत्तर या दानावरून ठरत नाही. सामान्य लेखनात मात्र ‘११९१ चे मंदिर’ असा उल्लेख सहज केला जातो. ताम्रपटाचे वय देवालयाला चिकटविले जाते. तसाच मोह दुसऱ्या एका बाबतीत होतो. राजपुत्राचे नाव गंडरादित्य असल्यामुळे त्याचा आणि कनकादित्याचा संबंध जोडावासा वाटतो. परंतु गंडरादित्य हे त्याच्या पणजोबांचे नाव होते आणि आजोबा विजयादित्य होते. ‘आदित्य’ हे पद या कुळातील नामकरणाचा भाग होते. त्यावरून सूर्योपासनेचा निष्कर्ष काढता येत नाही. या घराण्याची कुलस्वामिनी तर कोल्हापूरची महालक्ष्मी होती. आपणांस देवीचा वरप्रसाद लाभला आहे, असे हे राजे आपल्या बिरुदांत सांगत असत.

४. आख्यायिकेचे साक्षीमूल्य

मंदिराच्या स्थापनेविषयी गावात आख्यायिका सांगितली जाते. सौराष्ट्रातील प्रभासपट्टणाकडून सूर्याची मूर्ती घेऊन एक गलबत दक्षिणेकडे निघाले होते. कशेळीच्या किनाऱ्यासमोर ते अडले आणि काही केल्या पुढे जाईना. देवाची इच्छा येथेच राहण्याची आहे, असे समजून नाखव्याने मूर्ती किनाऱ्यावरील एका गुहेत ठेवली. ही गुहा ‘देवघळी’ म्हणून ओळखली जाते. पुढे कनका नावाच्या एका सूर्योपासक गणिकेला दृष्टांत झाला. तिने ग्रामस्थांच्या साहाय्याने मूर्ती गावात आणून तिची स्थापना केली. तिच्या नावावरून देव कनकादित्य झाला.

या कथेच्या एका प्रचलित पाठात मूर्तीच्या प्रवासाचे कारण म्हणून अल्लाउद्दीन खिलजीच्या सौराष्ट्रावरील स्वारीचा उल्लेख येतो. त्याच्या सैन्याची गुजरातवरील मोहीम १२९९ मधील आहे आणि तो स्वतः १२९६ मध्ये गादीवर आला. ताम्रपट त्यापूर्वी शंभर वर्षांचा. हा पाठ खरा मानला, तर गाव दान दिले गेले तेव्हा ही मूर्ती गावात नव्हती. दुसऱ्या पाठानुसार मूर्ती सुमारे नऊशे वर्षांपूर्वी आली. तो खरा मानला, तर खिलजीचा संबंध सोडून द्यावा लागतो. दोन्ही पाठ एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. एवढे दाखवून दिले, की पुष्कळदा अभ्यासक आख्यायिका बाजूस ठेवतो. ती तितकी घाई ठरते.

आख्यायिकेस सनावळी विचारणे हीच मुळात चूक आहे. तिला विचारावयाचे प्रश्न निराळे आहेत. देव समुद्रमार्गे आला, असे किनाऱ्यावरील गाव का सांगते? कारण सौराष्ट्र आणि कोकण यांच्यातील गलबतांची ये-जा हा या गावाच्या नित्य अनुभवाचा भाग होता. देव प्रथम गुहेत होता, असे का सांगितले जाते? कारण किनाऱ्यावरची एक जागा आणि गावातले देवालय यांना जोडणारे नाते समजावून द्यावयाचे असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, स्थापनेचे श्रेय राजा, सरदार अथवा पुरोहित यांच्याकडे न जाता एका गणिकेकडे का जाते? ताम्रपटात राजा, राजपुत्र आणि ब्राह्मण आहेत. आख्यायिकेत नाखवा, गणिका आणि ग्रामस्थ आहेत. ताम्रपटाने ज्यांची नावे नोंदली नाहीत, त्यांची जागा गावाने कथेत राखून ठेवली, असे म्हणता येईल. देवाच्या नावातच तिचे नाव गुंफलेले असल्यामुळे ते कोणासही काढून टाकता आले नाही.

रथसप्तमीच्या उत्सवात कालिकावाडीची कालिकादेवी मिरवणुकीने कनकादित्याच्या भेटीस येते. ही प्रथाही याच दृष्टीने वाचता येते. शास्त्रोक्त सूर्योपासनेचा देव आणि वाडीची देवी यांची वर्षातून एकदा होणारी भेट म्हणजे गावातील दोन वस्त्या आणि दोन उपासनापरंपरा यांच्यातील समझोता होय. पालखी कोणत्या वाटेने जाते, कोणत्या दारी थांबते, ओटी प्रथम कोणाची, या तपशिलांत गावाच्या वसण्याचा क्रम पुष्कळदा दडलेला असतो.

५. देवालय चालत कसे होते : खारेपाटणचा दाखला

कशेळीचा ताम्रपट भोजनाविषयी बोलतो, देवालयाच्या दैनंदिन व्यवस्थेविषयी बोलत नाही. ही व्यवस्था कशी असे, हे पाहण्यासाठी जवळच्याच दुसऱ्या एका लेखाकडे वळावे लागते. खारेपाटण हे गाव १९८१ मध्ये झालेल्या जिल्हाविभागणीनंतर सिंधुदुर्ग जिल्ह्यात आले. तेथे दक्षिण कोकणच्या शिलाहारांपैकी रट्टराज याचा शके ९३० म्हणजे इ.स. १००८ चा ताम्रपट मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाळशास्त्री जांभेकरांनी त्याचे वाचन प्रसिद्ध केले. ज्या भूमीत जांभेकर जन्मले, तिच्याच जुन्या लेखाचा अर्थ त्यांनी लावावा, हे औचित्यपूर्ण म्हटले पाहिजे.

रट्टराजाने अव्वेश्वर या शिवालयासाठी मत्तमयूर परंपरेतील आत्रेय या शैव आचार्यास तीन गावे दिली. त्याखेरीज परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सुवर्ण गद्याणक देवालयास मिळावयाचा होता. उद्देशही सांगितलेला आहे : देवाची पूजा, इमारतीची दुरुस्ती आणि तपस्व्यांचे अन्नवस्त्र. आणि त्यापुढे सेवेसाठी लावून दिलेल्या कुटुंबांची यादी येते : सेविका, तेली, माळी, कुंभार, परीट.

या यादीवर क्षणभर थांबले पाहिजे. दिव्याला तेल, देवाला फुले, नैवेद्याला मडकी आणि वस्त्रांना धुणावळ ही प्रत्येक गरज एकेका कुटुंबाशी कायमची बांधली गेली. त्या कुटुंबाला निर्वाहाची शाश्वती मिळाली आणि त्याच वेळी त्याचा व्यवसाय आणि त्याची जागा पिढ्यान्‌पिढ्यांसाठी निश्चित झाली. पुढील काळात कोकणात ‘गावरहाटी’ या नावाने ओळखली जाणारी मानपान आणि सेवा यांची जी घट्ट वीण दिसते, तिचे एक जुने लेखी रूप येथे भेटते. गुरवाचा हक्क, मानकऱ्यांचा क्रम, वाजंत्र्यांची जागा या गोष्टी त्याच जातीच्या आहेत. इमारतीच्या दुरुस्तीचा खर्च दानातच गृहीत धरलेला आहे, हेही ध्यानात घ्यावे. इंग्रज गावकऱ्यांवर जी जबाबदारी वाटून टाकली होती, ती येथे जमिनीच्या आणि बंदराच्या उत्पन्नावर टाकलेली आहे.

६. जांभा, लाकूड आणि वास्तूचे वय

कोकणातील बहुसंख्य ग्रामदेवालये आजच्या रूपात फार जुनी वाटत नाहीत. उतरते कौलारू छप्पर, लाकडी खांबांचा सभामंडप, जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती आणि फरसबंद अंगण हे त्यांचे परिचित रूप होय. संगमेश्वरजवळच्या कसब्यातील कर्णेश्वरासारखे काळ्या पाषाणातील कोरीव मंदिर हा अपवाद आहे. त्यामुळे वास्तुकलेच्या इतिहासात कर्णेश्वराला जागा मिळते आणि शेकडो कौलारू देवालये दुर्लक्षित राहतात.

यामागील कारण सामग्रीत आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागल्यावर तो टणक होतो. त्याचे चिरे पाडणे सोपे, परंतु त्याच्या सच्छिद्र अंगावर बारीक कोरीव काम टिकत नाही. कोकणी कारागिराने म्हणून आपली कला लाकडावर केली. लाकडास मात्र वाळवी, पाऊस आणि आग हे तीन शत्रू आहेत. दर काही पिढ्यांनी वासे, रिपा आणि खांब बदलावे लागतात. अशा देवालयात गाभाऱ्याचा पाया बाराव्या शतकातील, मूर्ती तेराव्या शतकातील, मंडप अठराव्या शतकातील आणि कौले विसाव्या शतकातील असणे अशक्य नाही. ‘मंदिर किती जुने?’ हा प्रश्न एकवचनी उत्तर मागतो. देवालयाचे उत्तर नेहमी बहुवचनी असते. इंग्लंडमधील ग्रामचर्चच्या अभ्यासकाने प्रत्येक खिडकीचा काळ निराळा सांगावा, तसे आपण प्रत्येक थराचे वय निराळे सांगावयास शिकले पाहिजे.

७. इनाम, सनद आणि विश्वस्त नोंद

मध्ययुगीन दानानंतर पुढची ठळक लेखी साधने मराठा आणि ब्रिटिश काळातील आहेत. ब्रिटिश राजवटीने १८५२ च्या कायद्यान्वये इनामांची चौकशी सुरू केली. प्रत्येक इनामदाराला आपला हक्क सिद्ध करावा लागला. देवस्थान इनामांचीही तपासणी झाली आणि जी मान्य झाली, त्यांना सनदा मिळाल्या. या चौकशीच्या निमित्ताने गावोगावची जुनी मोडी कागदपत्रे बाहेर पडली, त्यांच्या नकला झाल्या आणि साक्षी लिहून घेतल्या गेल्या. सरकारचा हेतू महसुलाचा होता. इतिहासाला लाभ झाला तो आनुषंगिक. पुण्याच्या पुराभिलेखागारातील दप्तरे आणि जिल्ह्याच्या महसुली नोंदी यांत ही सामग्री शोधता येते. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेला रत्नागिरी आणि सावंतवाडीचा गॅझेटियर हा त्या शोधाचा प्रवेशदरवाजा म्हणून उपयोगी आहे. मात्र त्यातील मंदिरविषयक माहिती पुष्कळशी ऐकीव आहे, हे विसरून चालणार नाही.

स्वातंत्र्यानंतर खोती नष्ट झाली, इनामे रद्द करणारे कायदे आले. देवस्थानाच्या जमिनींना त्यांतून काही अंशी निराळी वागणूक मिळाली. १९४८ च्या कुळकायद्यातील ८८-ब या कलमाखाली धार्मिक विश्वस्त संस्थांना अटींसह सूट मागता येत असे आणि त्यासाठी उत्पन्नाचा विनियोग दाखवावा लागे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने देवालयांची नोंदणी अनिवार्य केली. विश्वस्तांची नावे, त्यांच्या नेमणुकीची पद्धत, स्थावर-जंगम मालमत्ता, उद्दिष्टे आणि वार्षिक हिशेब हे सारे धर्मादाय कार्यालयात नोंदविले जाऊ लागले. मोअरबाथच्या हिशेबवहीला आपल्याकडील सर्वांत जवळची गोष्ट ती हीच होय. या नोंदींतील जुने अर्ज आणि त्यांवरील हरकती वाचल्या, तर कोणता मान कोणत्या घराण्याने कशाच्या आधारे सांगितला, हे उलगडते. विधिज्ञांखेरीज या कागदांकडे सहसा कोणी वळत नाही.

हा कागदोपत्री इतिहास केवळ मालमत्तेचा नाही. देवालय गावाचे म्हणताना ‘गाव’ या शब्दात कोणाकोणाची गणना होत असे, हा प्रश्न रत्नागिरीने विसाव्या शतकात उघडपणे विचारला. १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांच्या साहाय्याने येथे पतितपावन मंदिर उभे राहिले आणि सर्व हिंदूंना त्याचा गाभारा खुला झाला. १९४७ मध्ये मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. जुन्या ग्रामदेवालयाचा इतिहास लिहिताना हे नवे मंदिर शेजारी ठेवून पाहिले, तरच जुन्या व्यवस्थेचे पूर्ण चित्र दिसते. दानपत्रात ज्यांना भोजन आहे ते एक, ज्यांच्यावर सेवा आहे ते दुसरे आणि ज्यांचा उल्लेखच नाही ते तिसरे. या तिसऱ्यांचा शोध घेणे हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

८. जीर्णोद्धाराचा प्रश्न

आज या साऱ्या साधनांपुढील सर्वांत मोठा धोका उपेक्षेचा नाही. तो श्रद्धेतून होणाऱ्या जीर्णोद्धाराचा आहे. मुंबईकर चाकरमान्यांच्या देणग्यांतून गावोगावची देवालये नवी होत आहेत. लाकडी मंडपाच्या जागी सिमेंटचा स्लॅब, चिऱ्यांच्या फरशीवर चकचकीत लाद्या, जुन्या पायऱ्यांवर गिलावा आणि लेखांवर तैलरंग असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. गावकऱ्यांच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. देवाचे घर नीट असावे, ही भावना त्यामागे आहे आणि देवालय सतत नवे करीत राहणे ही परंपरेचीच रीत आहे, हे आपण वर पाहिलेच. प्रश्न एवढाच, की पूर्वीचे नवीकरण सुताराच्या हाताने, त्याच घडणीने आणि एकेक भाग बदलत होत असे. आताचे एका उन्हाळ्यात सारे थर एकदम पुसून टाकते.

इंग्लंडनेही हा अनुभव घेतला आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील मध्ययुगीन चर्चचा ‘उद्धार’ इतक्या उत्साहाने झाला, की कित्येक शतकांच्या खुणा नाहीशा झाल्या. त्याविरुद्ध विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. तिची भूमिका साधी होती : वेळच्या वेळी डागडुजी करा, म्हणजे उद्धाराची पाळी येणार नाही. आपल्याकडे १९६० चा राज्याचा प्राचीन स्मारक कायदा आहे. परंतु तो संरक्षित म्हणून घोषित झालेल्या वास्तूंपुरता आहे, आणि बहुतेक ग्रामदेवालये त्याच्या कक्षेबाहेर आहेत. तेथे कायद्यापेक्षा गावाशी होणारा संवाद अधिक उपयोगी पडेल.

हा संवाद साधण्याची सोय ग्रामीण महाविद्यालयांकडे आहे, कारण त्यांचे विद्यार्थी त्याच गावांतले, त्याच मानकऱ्यांच्या आणि त्याच सेवेकऱ्यांच्या घरांतले असतात. काम फार खर्चिक नाही. जीर्णोद्धाराच्या आधी देवालयाचा मोजमापासहित आराखडा काढणे, प्रत्येक खांब, तुळई आणि पायरीचे छायाचित्र घेणे, काढलेल्या जुन्या वस्तूंची यादी करणे, पालखीचा मार्ग नकाशावर उतरविणे, आख्यायिकेचे सारे पाठ सांगणाऱ्याच्या वाडीसह लिहून घेणे आणि देवस्थानाकडील मोडी कागदांच्या प्रतिमा काढून ठेवणे, एवढे झाले तरी पुष्कळ हाती राहील. इतिहास, मराठी, समाजशास्त्र आणि भूगोल या चारही विभागांना त्यात वाटा आहे. मूळ कागद आणि ताम्रपट गावाकडेच राहावेत. अभ्यासकाने प्रत न्यावी, दप्तर नेऊ नये.

९. समारोप

कशेळीच्या उदाहरणावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. ताम्रपट गावाचे वय आणि सत्तेचे स्वरूप सांगतो, मंदिराची जन्मतारीख सांगत नाही. आख्यायिका सनावळीच्या कसोटीवर टिकत नाही, पण गाव आपल्या उगमात कोणाकोणास जागा देते, ते सांगते. वास्तू एका काळाची नसून थराथरांची असते. उत्सव वस्त्यांमधील नाते जपतो. सनदा आणि विश्वस्त नोंदी हक्कांचे आणि तंट्यांचे तपशील देतात. या पाचही साधनांना त्यांच्या त्यांच्या प्रश्नापुरते साक्षीदार मानले, तर कोकणातील एखाद्या गावाचे आठशे वर्षांचे चरित्र लिहिणे अशक्य नाही.

तांब्यावर लिहिलेले दान कोकणातील आठशे पावसाळे सोसून आपल्यापर्यंत पोहोचले. कागदावर, लाकडावर आणि वृद्धांच्या स्मृतीत असलेले यांपैकी किती पोहोचेल, हे मात्र पुढील काही वर्षांतच ठरावयाचे आहे.